सार्वजनिक-किल्ली फंक्शन्स : कूटलेखन आणि सही

मजकूर गुप्त ठेवण्यासाठी किंवा तो कोणाचा आहे हे सिद्ध करण्यासाठी प्रोग्रॅममध्ये वापरायची फंक्शन्स. ती किल्ल्यांच्या जोडीवर चालतात. सार्वजनिक किल्ली कोणालाही देता येते, खासगी किल्ली मालकाकडेच राहते. कूटलेखन सार्वजनिक किल्लीने होते आणि उकल खासगी किल्लीने. सही मात्र खासगी किल्लीने होते आणि तिची पडताळणी सार्वजनिक किल्लीने. अशा पद्धतींपैकी आरएसए ही पद्धत रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी १९७७ मध्ये शोधली.

औद्योगिक पट्ट्यातील वापर : पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण येथील सुट्या भागांचे पुरवठादार वाहन कंपन्यांना जीएसटीचे ई-इनव्हॉइस देतात. ही सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या उद्योगांपासून सुरू झाली. १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटींहून अधिक उलाढालीच्या उद्योगांना लागू आहे. पुरवठादाराचे बिलिंग सॉफ्टवेअर थेट सरकारी पोर्टलशी जोडलेले असेल, तर लॉगिनचा तपशील आणि ३२ बाइटची तात्पुरती किल्ली ते पोर्टलच्या सार्वजनिक किल्लीने बंद करून पाठवते. बिलाचा मजकूर त्यानंतर एकाच किल्लीवर चालणाऱ्या, जलद अशा एईएस पद्धतीने जातो, कारण आरएसएला मोठा मजकूर पेलत नाही : २०४८ बिटच्या किल्लीत जुन्या पॅडिंगसह (मजकुराला जोडायच्या भरीसह) जेमतेम २४५ बाइट मावतात. पोर्टल बिलाला ६४ अक्षरी इनव्हॉइस संदर्भ क्रमांक (आयआरएन) देते आणि बिलावर व क्यूआर कोडवर आपल्या खासगी किल्लीने सही करते. माल घेणाऱ्याला ही सही सार्वजनिक किल्लीने इंटरनेटशिवायही तपासता येते.

पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतील फंक्शन्स : ‘ओपनएसएसएल_पब्लिक_एन्क्रिप्ट’ने बंद केलेले ‘ओपनएसएसएल_प्रायव्हेट_डिक्रिप्ट’ने उघडते. ‘ओपनएसएसएल_साइन’ सही करते, ‘ओपनएसएसएल_व्हेरिफाय’ ती तपासते.

दक्षता : ‘व्हेरिफाय’चे उत्तर सही खरी असल्यास १, खोटी असल्यास ० आणि तपासणीच फसल्यास उणे १ किंवा ‘फॉल्स’ असते. पीएचपी उणे १ हेही ‘खरे’ धरते, त्यामुळे उत्तर नेमके १ आहे का, हेच पाहावे. ‘साइन’मध्ये मजकुराचा गोषवारा (हॅश) काढण्याची पद्धत न सांगितल्यास जुनी, कमकुवत एसएचए-१ लागू होते, म्हणून एसएचए-२५६ स्पष्ट लिहावी. नव्या कामात कूटलेखनासाठी जुन्या पॅडिंगऐवजी ओएईपी पॅडिंग वापरावे. खासगी किल्ली सोर्स कोडमध्ये लिहू नये. ती फुटली की ती कोणालाही मालकाच्या नावाने वापरता येते, आणि त्या जोडीच्या सहीला पुरावा म्हणून किंमत उरत नाही.