पन्हाळगड : वास्तू आणि वस्ती

करवीरनगरीच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरवर वसलेला पन्हाळगड हे आजही नांदते गाव आहे. शिलाहार नृपती दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा गड उभारला, असे मानले जाते. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवछत्रपती येथूनच निसटले. १७८२ मध्ये करवीर राज्याची राजधानी गडावरून कोल्हापुरात आली. तरी गडावरील वस्ती उठली नाही. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी यांच्या सान्निध्यात पिढ्यान्‌पिढ्या संसार चालत आले.

प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तीनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरचा परिसर प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटरचा नियंत्रित ठरला. प्रतिबंधित क्षेत्रात नवीन बांधकामास मनाई आहे. मात्र १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीने करता येते. ही तरतूद पुष्कळांना ठाऊक नसते. शिवाय पावसाळ्यात छप्पर गळू लागले की, परवानगीची प्रतीक्षा जड जाते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली; त्यांत पन्हाळाही आहे. त्यापूर्वी रहिवाशांनी नव्या निर्बंधांविषयी चिंता व्यक्त केली होती. ती अनाठायी म्हणता येणार नाही. तट-बुरूज राखलेच पाहिजेत. पण ज्यांच्या वास्तव्याने गड जागता राहिला, त्यांना नियम समजावून सांगणे व परवानगी वेळेवर देणे, हेही वारसा जतनाचेच कार्य होय.