सिस्टरच्या निदानामागचा संगणक

पैनगंगेकाठच्या देऊळघाटातून एखाद्या मावशी मधुमेहाने दवाखान्यात दाखल झाल्या, की डॉक्टर केसपेपरवर ‘टाइप २ मधुमेह’ लिहून मोकळे होतात. नर्सिंगची विद्यार्थिनी त्याच मावशींसाठी फाइलीत निराळेच निदान लिहिते: ‘पायाला जखम होण्याचा धोका, कारण, तळपायाची कमी झालेली संवेदना आणि शेतातला अनवाणी वावर.’

परिचारिकेने निदान लिहावे, ही रीत आली कुठून?

नाइटिंगेलबाईंचे नाव सगळेच घेतात. काहीजण त्याहून मागे, चरकापर्यंत जातात. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद चरकसंहितेत आहेतच. दावा अभिमान वाटावा असा आहे, पण तिथला परिचारक शुश्रूषा करतो, निदान वैद्याकडेच राहते. अमेरिकेत फ्राय या परिचारिकेने १९५३ मध्ये ‘नर्सिंग डायग्नोसिस’ची कल्पना मांडली, ती बराच काळ कागदावरच राहिली.

खरा धक्का बसला संगणकामुळे. सेंट लुइस विद्यापीठात रुग्णनोंदी संगणकावर चढवायच्या होत्या. डॉक्टरांच्या आजारांना ठरलेली नावे होती, नर्सच्या कामाला नव्हती. त्यातून क्रिस्टीन गेबी आणि मेरी अ‍ॅन लॅव्हिन यांनी १९७३ मध्ये परिषद भरवली आणि निदानांची पहिली यादी निघाली. ती चक्क वर्णानुक्रमाने लावलेली होती! शुश्रूषेच्या तत्त्वज्ञानातून उगवलेली यादी अशी नसते. नोंदवहीसाठी केलेली यादी अशी असते.

या कुळातला दुसरा पूर्वज लॉरेन्स वीड असणार. रोग्याच्या नोंदी ‘समस्या’वार लावाव्यात, हे या डॉक्टरने १९६८ मध्ये मांडले होते. नर्सिंगच्या अभ्यासक मार्जरी गॉर्डन यांचा निदान लिहिण्याचा समस्या-कारण-लक्षणे हा साचा त्याच वळणाचा दिसतो. उदाहरणार्थ, ‘माहितीची उणीव; कारण, इन्सुलिन टोचायला नीट शिकवलेले नाही; लक्षण, सुई रोज एकाच जागी, तिथे कातडीखाली गाठ.’ मावशींच्या पायाच्या निदानात लक्षणांचा रकाना नाही, कारण जखम अजून झालेलीच नाही. पुढची कामे कारणावरूनच ठरतात: रोज तळवे तपासणे, पायात चप्पल, कोमट पाण्याचा अंदाज कोपराने घेणे.

साच्यातली अशी नोंद आता गावातही होते. तिशी ओलांडलेल्यांचा ‘सीबॅक’ फॉर्म, म्हणजे मधुमेहासारख्या आजारांचा धोका जोखणारी प्रश्नावली, आशाताई दारोदार भरतात. वय, तंबाखू, कमरेचा घेर, घरातला मधुमेह यांचे गुण मांडतात आणि बेरीज चारच्या वर गेली, की तपासणीत त्या माणसाला अग्रक्रम मिळतो. ही माहितीही शेवटी संगणकावरच जाते. बेरजेवरून कोणाला आधी तपासायचे ते कळते. मावशी अनवाणी का वावरतात, हे मात्र सिस्टरलाच विचारून लिहावे लागते.