ताज: प्लेगच्या मुंबईत रोवलेला पाया

अपोलो बंदरावर बोटीतून येणाऱ्याला आधी गेटवे दिसतं आणि त्याच्या पाठीशी ताज. वयाने मात्र ताज थोरला. १६ डिसेंबर १९०३ रोजी ताजमध्ये पहिले पाहुणे उतरले तेव्हा गेटवेचा पत्ताही नव्हता. ती कमान खुली झाली ४ डिसेंबर १९२४ रोजी. मधली एकवीस वर्षं समुद्रमार्गे येणाऱ्या माणसाला मुंबई आल्याचं सांगत होता तो एका हॉटेलचा २४० फूट उंचीचा घुमट. एखाद्या हॉटेलला शहराची खूण होण्याचा मान सहजासहजी मिळत नाही. ताजला तो का मिळाला, हे त्याचं कुळ पाहिल्याशिवाय उमगत नाही.

एकोणिसाव्या शतकात परगावचा माणूस मुंबईत यायचा तो नात्यागोत्याच्या भरवशावर. नातेवाईक नसले तर जातीची धर्मशाळा आणि जेवायला खाणावळ. पैसे मोजून थाटात राहायची सोय होती ती साहेबांसाठी. तिचा मूळपुरुष म्हणजे काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल. जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. रोलँड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याने आराखडा केला, लोखंडी खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतल्या गेल्या, जहाजाने मुंबईला आल्या आणि १८६० च्या दशकाच्या अखेरीस इथे जोडल्या गेल्या. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात प्रथम दाखवली गेली ती याच वॉटसनमध्ये. जागा मुंबईची होती, पण सांगाडा, मालक आणि रिवाज सगळे सातासमुद्रापलीकडचे.

इथे एक गोष्ट हमखास सांगितली जाते. जमशेटजी टाटांना म्हणे गोऱ्यांच्या हॉटेलात प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून ताज उभा राहिला. गोष्ट ऐकायला आवडते, पण तिला भक्कम पुरावा नाही, आणि ती जमशेटजींना लहान करते. अपमानाचा राग माणसाला एखादी इमारत बांधायला लावेल. पण जमशेटजींनी ज्या वर्षांत हे काम हाती घेतलं, ती वर्षं पाहिली की कारण वेगळं आणि मोठं दिसतं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचा पहिला रोगी सापडला. निदान केलं मूळच्या गोव्याच्या डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी. पुढची काही वर्षं मुंबईची दैना झाली. गिरण्या ओस पडल्या, चाळी रिकाम्या झाल्या, हजारो कुटुंबं मिळेल त्या गाडीने गावाकडे निघून गेली. या शहराचं काही खरं नाही, असंच तेव्हा बहुतेकांना वाटत होतं. अशा वेळी, १८९८ च्या नोव्हेंबरात, जमशेटजींनी पोर्ट ट्रस्टकडून समुद्र हटवून केलेली दोन एकरांच्या आसपासची जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. प्लेगने पोखरलेल्या शहरात परदेशी पाहुण्यांसाठी राजवाड्यासारखं हॉटेल बांधायचं, म्हणजे या शहराला उद्या आहे असं सगळ्यांसमोर ठामपणे सांगणं. मला ताजचा खरा पाया तिथे दिसतो.

जमशेटजी मूळचे नवसारीचे. आमच्या दादरा-नगर हवेलीतल्या वासोणा-सिल्वासाकडून मुंबईला जायचं तर वापीला गाडी धरावी लागते. तोच रूळ उत्तरेला नवसारीला जातो. या पट्ट्यातल्या माणसाला शहर म्हटलं की मुंबईच आठवते, आणि मुंबईने दिलेलं मुंबईला परत करावं ही भावनाही इथे नवी नाही. जमशेटजींच्या डोक्यात तेव्हा तीन मोठी कामं होती: पोलादाचा कारखाना, विज्ञानाची संस्था आणि पाण्यावरची वीज. त्यात हे हॉटेल. एवढी थोर कामं सोडून आता भटारखाना काढणार का, असं त्यांच्या बहिणीने विचारल्याची आठवण टाटांच्या चरित्रांतून सांगितली जाते. पैसा त्यांनी स्वतःच्या खिशातला घातला. आणि त्यांच्या मोठ्या स्वप्नांपैकी त्यांच्या डोळ्यांदेखत पुरं झालेलं हे एकच. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचं निधन झालं, तेव्हा ताज सुरू होऊन जेमतेम पाच महिने झाले होते.

आता ज्याने ही इमारत कागदावर आणली त्या माणसाबद्दल. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. बोरीबंदरचं व्हिक्टोरिया टर्मिनस बांधताना फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या हाताखाली त्यांनी काम केलं होतं. साहेबाच्या कामावर हात बसला होता, आणि आता आराखडा स्वतःचा होता. सोबत डी. एन. मिर्झा. काम पुरं होण्याआधीच वैद्य वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने ते तडीस नेलं. वैद्यांचं नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे. मराठी वाचकाने ते लक्षात ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक नाव घ्यायलाच हवं, ते बांधकामाचा मक्ता घेतलेल्या खानसाहेब सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांचं. घुमटाखालचा प्रसिद्ध जिना त्यांचा. त्याच्या पायऱ्यांचं एक टोक भिंतीत रुतलेलं आणि दुसरं अधांतरी, खाली आधाराचा खांब नाही. मधल्या पोकळीतून वर पाहिलं तर मजल्यामागून मजला चढत नजर थेट घुमटाच्या पोटाशी जाते. प्रत्येक मजल्याला रुंद सज्जे, त्यातून समुद्राचा वारा खेळता राहावा अशी उंच छतं.

ताज चुकून उलटा बांधला गेला आणि ते पाहून वास्तुविशारदाने जीव दिला, ही दंतकथाही गावोगाव पोचली आहे. तिच्यात तथ्य नाही. मूळ दार मुद्दामच शहराच्या बाजूला होतं, जिथे आज पोहण्याचा तलाव आहे. घोडागाड्या शहराकडून यायच्या. समुद्राकडची बाजू खोल्यांना दिली, कारण वारा आणि देखावा पाहुण्यासाठी. गाडीसाठी नव्हे.

आतली यंत्रं तर मुंबईला नवलच होती. ट्राम तेव्हा घोडे ओढत. शहराला वीज देणारी कंपनी निघाली १९०५ मध्ये. ताज त्याआधीच स्वतःच्या जनित्रावर विजेने उजळला होता. लिफ्ट जर्मनीहून, पंखे अमेरिकेहून. बर्फाचा आणि सोड्याचा कारखाना, धुलाईघर, चांदीची भांडी घासायचं यंत्र, सगळं घरचंच. युरोपात फिरून बरीच खरेदी जमशेटजींनी जातीने केली. पॅरिसहून आणलेल्या लोखंडी खांबांवर नाचघराचं छत तोललं. पंखा आणि स्वतंत्र न्हाणीघर असलेल्या खोलीचं भाडं १३ रुपये, जेवणखाणासह २०. पहिल्या दिवशी पाहुणे आले १७. इमारतीचं काम तेव्हा अजून चालूच होतं.

पुढे वंशविस्तार झाला. चेंबर्सनेच १९०९ मध्ये जवळच मॅजेस्टिक हॉटेल बांधलं. महाराष्ट्राने ते आमदार निवास म्हणून ओळखलं. ताजच्या शेजारचं ग्रीन्स हॉटेल गेलं आणि त्या जागी १९७० च्या दशकात ताजचा मनोरा उभा राहिला. पहिल्या महायुद्धात ताजच्या खोल्यांतून ६०० खाटांचं लष्करी रुग्णालय चाललं. वॉटसन मात्र केव्हाच बंद पडलं, आणि त्याचा लोखंडी सांगाडा एस्प्लनेड मॅन्शन या नावाने जर्जर होत राहिला.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवाद्यांनी मुंबईवर हल्ला केला आणि याच घुमटाखाली आग लागली. ताजमध्ये ३१ जीव गेले. पाहुण्यांना मागच्या दारांनी बाहेर काढताना कितीतरी कर्मचारी स्वतः मागे राहिले. मेजर संदीप उन्नीकृष्णन इथे पडले, तसाच सोलापूर जिल्ह्यातल्या सुलतानपूरचा राज्य राखीव पोलीस दलाचा जवान राहुल शिंदेही. जळालेला मूळ वाडा दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडला.

हल्ल्याच्या त्या तीन दिवसांत देशभर माणसं दूरचित्रवाणीसमोर बसून रडली. त्यातल्या बहुतेकांनी ताजचा उंबरा कधी ओलांडलेला नव्हता. तरी तो त्यांचा होता. वॉटसन मुंबईत आणून जोडलं गेलं. ताज नवसारीच्या माणसाच्या पैशाने, एका मराठी अभियंत्याच्या आराखड्याने आणि एका पारशी मक्तेदाराच्या हाताने मुंबईत घडला, तोही शहर मोडून पडत असताना. श्रीमंती थाट पैसे देऊन कुठेही उभा करता येतो. पडत्या काळात शहरावर विश्वास ठेवणारं घर मात्र क्वचितच बांधलं जातं, आणि लोक आपलं मानतात ते अशाच घराला.