आडनाव आणि नोंदवही

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात उमापूर नावाचे गाव आहे. गावातल्या माणसास 'उमापूरकर' म्हणण्याचे प्रयोजन नसते. गोदावरी ओलांडून तो पैठणास वा पुढे पुण्यास गेला म्हणजे ते नाव त्यास चिकटते. 'कर' लावलेले आडनाव ही बहुधा सोडून आलेल्या गावाची खूण होय. त्यावरून कूळ मात्र कळत नाही.

हे उमापूर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानातील कॅथोलिक मिशनचे 1851 मधील प्रमुख, बिशप डॅनियल मर्फी, हे आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातले. मर्फी हे मूळ 'ओ मुरखू'चे इंग्रजी रूप. आयरिश भाषेत 'ओ' म्हणजे नातू, 'मॅक' म्हणजे पुत्र. इंग्रजी अमलात ही उपपदे पुष्कळांची गळाली, काही नावांचे तर सरळ भाषांतर झाले. 'लोहाराचा पुत्र' असा अर्थ असलेले मॅकगाउन कुठे कुठे 'स्मिथ' झाले. तेव्हा आयर्लंडमधील प्रत्येक स्मिथ वंशाने इंग्रज नव्हे.

वसईच्या आम्हां ख्रिस्ती मंडळींस हे सांगावयास नको! 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 मध्ये मराठ्यांनी ती जिंकली. मधल्या काळात बाप्तिस्मा घेणाऱ्यांस धर्मपित्याचे वा धर्मगुरूचे आडनाव मिळे. रॉड्रिग्ज म्हणजे 'रोद्रिगोचा पुत्र', पण आमच्या रॉड्रिग्जांच्या पूर्वजांत कोणी रोद्रिगो असेलच असे नाही. तरीही "तुम्ही मूळचे पोर्तुगीज का?" हा प्रश्न अजून ऐकावा लागतो. त्याचे उत्तर आडनावात शोधणे व्यर्थ, ते नोंदवहीत शोधावे.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये विवाहांची नोंद ठेवण्याचा आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्मपालकांची नावे लिहिण्याचा दंडक घातला. त्याचे मोल आयर्लंडला 1922 मध्ये कळले. यादवी युद्धात डब्लिनचे सरकारी दप्तरखाने जळाले. एकोणिसाव्या शतकातील शिरगणतीचे उरलेसुरले कागद आणि प्रॉटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या गेल्या. कॅथोलिक वह्या मात्र आपापल्या पॅरिशमध्ये होत्या, म्हणून वाचल्या. त्यांच्या प्रती तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाने 2015 मध्ये सर्वांस विनामूल्य खुल्या केल्या. आज अमेरिकेतला मर्फी त्यांतून पणजोबांचे गाव शोधतो.

आमच्याकडे घराण्याचा शोध घेणाऱ्याने आडनावाआधी धर्मपालकांचा रकाना वाचावा. धर्मपालक बहुधा मामा, आत्या, नाही तर शेजारच्या आळीतला कोणी आप्त असतो. एकाच आडनावाची दहा घरे असताना आपले घर कोणते, हे तोच रकाना सांगतो. मात्र त्यासाठी कपाटातली ती जुनी वही वाळवीच्या आधी कोणी तरी उघडावयास हवी.