मुखदूषिका आणि तारुण्यपीटिका : दोन शब्दांचा व काही मलमांचा इतिहास

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रथम वर्षाच्या वर्गात एक विद्यार्थिनी सतत चेहऱ्यावर ओढणी गुंडाळून बसत असे. उन्हाचा त्रास असेल, असे आम्ही समजत होतो. पुढे कळले, की मुरुमांवर मैत्रिणीने सुचवलेले मलम ती औषधांच्या दुकानातून आणून चार-पाच महिने लावत होती. त्यात स्टेरॉइड होते. ट्यूबवरचे 'बीटामेथासोन' हे नाव तिने वाचले होते. त्याचा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता. आयुष्यभर शब्दांचे अर्थ सांगत आलेल्या आम्हां अध्यापकांना हे फार लागले. प्रस्तुत टिपण त्यातून सुचले.

सुश्रुतसंहितेत या विकाराची गणना 'क्षुद्ररोगां'त, म्हणजे किरकोळ रोगांत आहे. तरुणांच्या तोंडावर उठणाऱ्या या पुळ्या शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या, काट्यांसारख्या असतात, असे तेथील वर्णन आहे. उपचार म्हणून वमन आणि वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेप सांगितला आहे. संस्कृत वैद्यकात या विकाराला दोन नावे मिळाली. 'मुखदूषिका' हे नाव चेहरा बिघडवण्याचा आरोप करते. 'युवानपिडका' हे केवळ वय सांगते. मराठीने 'तारुण्यपीटिका' हा शब्द रूढ केला, म्हणजे वयाची बाजू घेतली. मराठीची ही निवड शास्त्रालाही धरून आहे. वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक स्रवतात, केसांच्या मुळांशी असलेली छिद्रे बुजतात, तेथे जंतू वाढतात आणि दाह होतो. चेहरा अस्वच्छ ठेवल्याचा हा परिणाम नव्हे.

विसाव्या शतकातील बाजारपेठेने मात्र 'मुखदूषिका' हाच अर्थ उचलला. अमेरिकेत 1950 साली आयव्हन कोम्ब यांनी केड्झी टेलर या रसायनज्ञासह 'क्लिअरासिल' बाजारात आणले. 'टीनएजर' हा स्वतंत्र ग्राहकवर्ग तेथे नुकताच आकाराला येत होता. 1957 पासून देशभर दिसू लागलेल्या 'अमेरिकन बँडस्टँड' या नृत्यसंगीताच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या प्रायोजकांत क्लिअरासिल होते. जेथे मुले एकमेकांकडे पाहत होती, नेमके तेथेच मलम विकले जात होते. मुलांना औषधाची ओळख झाली, ती लाजेच्या सोबतीने.

याच इतिहासाला एक काळी बाजू आहे. 1971 साली अमेरिकेत मुरुमांवर मान्यता मिळालेले ट्रेटिनॉइन आजही महत्त्वाचे औषध आहे. ते पुढे आणणारे त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात 1951 ते 1974 या काळात कैद्यांच्या त्वचेवर असंख्य प्रयोग केले. त्या कैद्यांत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. ॲलन हॉर्नब्लम यांच्या 1998 सालच्या 'एकर्स ऑफ स्किन' या पुस्तकाने हे प्रकरण सर्वांसमोर आणले. फिलाडेल्फिया शहराने त्याबद्दल 2022 साली माफी मागितली. कोवळ्या चेहऱ्यांच्या नितळपणाची किंमत कोणाच्या पाठीने चुकवली, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने तरी विसरू नये.

आपल्याकडे 1975 साली पेंढरकरांच्या 'विको'ची हळदीची क्रीम आली. ती सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, या प्रश्नावर अबकारी खात्याशी झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कंपनीची औषधाची बाजू ग्राह्य ठरली. वाद कराचा होता. तरी एका शब्दावर किती अवलंबून असते, हे त्यातून दिसते. त्याच वर्षी 'फेअर अँड लव्हली' आली. नितळपणा आणि गोरेपणा या दोन वेगळ्या इच्छा एकाच आरशात मिसळल्या. स्टेरॉइडयुक्त मलमांचा शिरकाव नेमका तेथून झाला. ही मलमे प्रथम लाली दडपतात, त्वचा उजळल्यासारखी दिसते. पुढे त्वचा पातळ होते, मुरूम उसळतात आणि मलम थांबवताच दाह वाढतो. त्वचारोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर केंद्र सरकारने 2018 साली 14 स्टेरॉइडयुक्त बाह्योपचारांना चिठ्ठीशिवाय विक्रीची मुभा देणारी सवलत काढून घेतली. नियम झाला, पण मैत्रिणीच्या सल्ल्याला चिठ्ठी लागत नाही.

आजच्या मुलांना 'सॅलिसिलिक ॲसिड', 'बेंझॉइल पेरॉक्साइड', 'नायसिनमाइड' ही नावे पाठ असतात. आम्ही त्यांना हसत नाही. आमच्या पिढीला तीही ठाऊक नव्हती. मात्र नाव ठाऊक असणे म्हणजे अर्थ ठाऊक असणे नव्हे, हा आमच्या विषयाचा पहिला धडा येथेही लागू पडतो. उपयोजित मराठीच्या तासाला आम्ही आता जाहिरातीबरोबर औषधाच्या वेष्टनावरील मजकूरही वाचायला देतो. कोणता शब्द घटक सांगतो, कोणता आश्वासन देतो आणि कोणता केवळ भिववतो, हे मुले भराभर वेगळे काढतात. ती विद्यार्थिनी पुढे त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली. बरे व्हायला तिला वर्षाहून अधिक काळ लागला. शेवटच्या सत्रात ती ओढणीशिवाय वर्गात येत होती.