संशयाची वही

पेडणे वा डिचोली महालात एखाद्या देवळाची फंडपेटी फुटली, की वाड्यावर भाड्याने कोण राहतो याची विचारपूस प्रथम सुरू होते. महाजनांच्या यादीत ज्याचे नाव आहे, त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. या सवयीस कायद्याचे रूप आले म्हणजे काय होते, हे शेजारच्या मुंबई इलाख्याने अनुभवले आहे.

इंग्रजांचा गुन्हेगार जमातींविषयीचा कायदा मूळ सन १८७१ चा. सन १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचला. पारधी, कैकाडी अशा जमातींतील माणसांची नावे व बोटांचे ठसे वहीत चढले; हजेरी द्यावी लागे, परवान्यावाचून गाव सोडता येत नसे; सोलापुरास तर तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत होती. चोरी झाली, की पोलीस प्रथम वहीतील वस्तीवर जात. जेथे झडती, तेथेच अटक. ती अटक पुन्हा वहीत चढे, आणि तीच वही पुढे जमातीच्या गुन्हेगारीचा पुरावा ठरे. ज्या घराची झडतीच झाली नाही, तेथील चोर वहीत येणार कोठून?

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता, म्हणून ती वही आमच्याकडे आली नाही. यात आमची पुण्याई काही नाही.

आता वहीच्या जागी संगणक येत आहे. महाराष्ट्र सरकारने सन २०२४ मध्ये पोलिसांच्या कामी कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी ‘मार्व्हल’ नावाची कंपनी स्थापिली. गुन्हा कोठे घडेल याचे भाकीत करणारी यंत्रे अमेरिकेत आधीच वापरून झाली. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी तसले एक सन २०२० मध्ये सोडून दिले. यंत्रास जात ठाऊक नसते, असे त्याचे कैवारी सांगतात. खरे आहे, परंतु मागील अटका आणि पत्ते त्यास पुरविले, की वस्ती त्यास आपोआप कळते. आमच्या मते, निर्दोष सुटलेल्याची नोंद पुसली गेली पाहिजे; आपल्याविषयी काय लिहिले आहे ते ज्याचे त्यास वाचता आले पाहिजे; आणि केवळ यंत्राने सांगितले म्हणून कोणाच्या दारी पोलीस जाता कामा नये.

आमच्या गोव्यात भाडेकरूंच्या पडताळणीचे अर्ज पोलीस ठाण्यावर जमा होतात. ओळखीपुरते घेतलेले ते कागद उद्या संशयाच्या हिशेबात धरले जाणार काय, हे विचारण्याचे काम प्रथम आम्हां घरमालकांचे आहे. ते अर्ज आम्हीच भरून देतो.