यंत्रं वाढवली की काम लवकर होतं का? ‘एनसी’ची छोटी गोष्ट

समजा, अकोल्यात कापसाच्या १,०२४ गाड्यांची वजनं कागदावर आहेत आणि त्यांची बेरीज हवी आहे. एकटा माणूस १,०२३ बेरजा करत बसेल. ५१२ माणसं असतील तर आधी दोन-दोन वजनांची बेरीज, मग आलेल्या उत्तरांच्या जोड्या, असं करत १० फेऱ्यांत काम संपतं. पण प्रत्येक काम असं वाटून देता येतं का?

१९७९ मध्ये निकोलस पिपेंजर यांनी कमी खोलीच्या सर्किट्सवर काम केलं. स्टीफन कुक यांनी त्यांच्याच नावावरून या वर्गाला ‘निक्स क्लास’, म्हणजे एनसी म्हटलं. यात प्रोसेसर इनपुटच्या आकाराच्या बहुपदीइतके चालतात, वेळ मात्र लॉगॅरिदमच्या एखाद्या घाताइतकाच. बेरीज आणि मॅट्रिक्सचा गुणाकार यात बसतात. उलट, सर्किटचं उत्तर काय येईल हा साधा प्रश्न पी-कम्प्लीट असल्याचं रिचर्ड लॅडनर यांनी १९७५ मध्येच दाखवलं होतं. तो एनसीत आला, तर पी वर्गातलं सगळंच येईल. तसं होणार नाही असं बहुतेकांना वाटतं, पण सिद्ध कुणी केलेलं नाही.

आपल्याकडे याच काळात यंत्राची बाजू उभी राहत होती. अमेरिकेने प्रगत क्रे महासंगणक नाकारल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी जन्मलेले विजय भटकर त्याचे प्रमुख होते. १९९१ मध्ये परम ८००० आला: एकच अवाढव्य प्रोसेसर नाही, तर अनेक ट्रान्सप्युटर एकत्र जोडलेले.

सिद्धांताच्या बाजूला, आयआयटी मुंबईत शिकलेले केतन मुळमुळे आणि उमेश व विजय वझिरानी या भावंडांनी १९८७ मध्ये दाखवलं, की ग्राफमधलं परफेक्ट मॅचिंग समांतर पद्धतीने झटपट सापडतं. अट एकच, नाणेफेक हवी. अडचण अशी होती की उत्तरं अनेक असली, तर प्रत्येक प्रोसेसर वेगळंच उत्तर धरून बसेल. म्हणून त्यांनी कडांना यादृच्छिक वजनं दिली. मग सर्वांत कमी वजनाचं मॅचिंग बहुधा एकच उरतं. २०१६ मध्ये फेनर, गुर्जर आणि थिराउफ यांनी द्विभागी ग्राफपुरती ही नाणेफेक काढून टाकली, पण प्रोसेसर बहुपदीपेक्षा जास्त लागले. तेवढी फट अजून उघडी आहे.

संशोधनाचा विषय शोधताना म्हणूनच ‘किती प्रोसेसर?’ हे नंतर विचारा. आधी बघा, कुठली पायरी कुठल्या पायरीची वाट बघते.